गाठ काढावी, अंडाशय राखावे

सन १७८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉन हंटर या नामवंत शल्यविशारदाने एक छोटासा निबंध सादर केला. निबंधाचा विषय होता डुकरिणींची वीण. हंटरने दोन एकसारख्या माद्या निवडल्या. एकीचे एक अंडाशय काढून टाकले, दुसरीची दोन्ही तशीच ठेवली. मग प्रत्येक वेताला किती पिले झाली याची नोंद तो वर्षानुवर्षे करत राहिला.

एकच अंडाशय उरलेली डुकरीण आठ वेळा व्याली. तिला एकूण ७६ पिले झाली आणि मग तिची वीण थांबली. दोन्ही अंडाशये असलेली तेरा वेळा व्याली. तिला एकूण १६२ पिले झाली. पैकी पहिल्या आठ वेतांतली ८७.

हे आकडे फळ्यावर मांडून पाहा. अंडाशय निम्मे केले, तेव्हा दर वेताची पिलेही निम्मी होतील, म्हणजे ८७ ऐवजी ४३-४४ होतील, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात पहिल्या आठ वेतांत ८७ विरुद्ध ७६ एवढाच फरक पडला. म्हणजे उरलेल्या एका अंडाशयाने दोघांचे काम जवळजवळ पूर्ण सांभाळले. पण आयुष्यभराची बेरीज घेतली, तर १६२ विरुद्ध ७६. येथे मात्र फरक निम्म्याहून थोडा अधिकच आहे. रोजचा खर्च भागत राहिला, पण शिल्लक लवकर संपली.

दोनच प्राण्यांवरच्या प्रयोगावरून नियम ठरवता येत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवेच. तरीही प्रश्न विचारण्याची ही पद्धत मोलाची आहे. सस्तन प्राण्याची अंडपेशी तोपर्यंत कोणी पाहिलीही नव्हती. रेनिए द ग्राफ याने १६७२ मध्ये अंडाशयातल्या पाणीदार पुटिकांचे वर्णन केले होते. त्यांच्या आतली अंडपेशी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याला दिसली ती १८२७ मध्ये. म्हणजे अंडे ठाऊक होण्याआधी चाळीस वर्षे हंटर अंड्यांचा हिशेब मांडत होता.

हाच हिशेब आज आपल्या घराघरांत वेगळ्या रूपाने विचारला जातो. आम्ही प्रजननाच्या जीवशास्त्रावर काम करणारी मंडळी आहोत. भाजे, मळवली, लोणावळा या मावळातल्या पट्ट्यात शिक्षकांशी बोलण्याचे प्रसंग येतात, तेव्हा तास संपल्यावर कोणीतरी शिक्षिका बाजूला येऊन हळूच विचारतात, "आमच्या एका मुलीच्या पोटात गाठ निघाली आहे. ऑपरेशन केले तर पुढे तिला मूल होईल ना?" दुसरा प्रश्न मोठ्या बायकांचा असतो. "गाठ म्हणजे कॅन्सरच की. मग सगळेच काढून टाकलेले बरे नाही का?"

पहिल्या भीतीपोटी घरचे लोक मुलीचे दुखणे लपवतात, लग्न होईपर्यंत पुढे ढकलतात. दुसऱ्या भीतीपोटी नको ती शस्त्रक्रिया करून घेतली जाते. दोन्ही भीती हिशेबाच्या अभावी वाढतात. म्हणून आधी हिशेब पाहू, मग इतिहास.

पुन्हा न भरणारे भांडे

स्त्रीच्या शरीरात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असते. आकार साधारण सोललेल्या बदामापेक्षा थोडा मोठा, लांबी तीन ते पाच सेंटिमीटर. अंडपेशींचा साठा त्याच्या बाहेरच्या पातळ थरात असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण शस्त्रक्रियेत नेमका हाच थर कापला जातो.

हा साठा मुलगी जन्माला येण्यापूर्वीच तयार होतो. जर्मन शास्त्रज्ञ वाल्डेयर याने १८७० मध्ये तसे म्हटले होते, पण त्यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. १९५१ मध्ये सॉली झुकरमन यांनी तोवरच्या पुराव्यांची छाननी करून वाल्डेयरच्या बाजूने कौल दिला. १९६३ मध्ये टी. जी. बेकर यांनी मानवी अंडाशयांतल्या बीजपेशी मोजल्या. गर्भ पाच महिन्यांचा असताना त्यांची संख्या सुमारे ६८ लाख भरली. जन्माच्या वेळी ती १० ते २० लाखांवर येते, वयात येताना ३ ते ४ लाख उरते. पुढच्या पस्तीस-चाळीस वर्षांत त्यांतल्या जेमतेम ४०० अंडपेशी पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीच्या आपोआप विरून जातात. साठा साधारण हजारावर आला की पाळी कायमची थांबते. नव्या अंडपेशी तयार होत असाव्यात, असा दावा २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांवरून झाला; पण स्त्रीच्या बाबतीत तो मान्य झालेला नाही.

भाजे येथील लेण्यांवर आपल्यापैकी अनेकांनी सहली नेल्या असतील. तिथले चैत्यगृह पाहताना मुलांना एक गोष्ट दाखवता येते. घर बांधताना दगडावर दगड रचतात. एखादा वाकडा बसला तर काढून पुन्हा लावता येतो. लेणे मात्र दगड काढत काढत होते. खांबाच्या जागचा दगड एकदा उडाला की तो परत बसवता येत नाही. म्हणून पाथरवटाला काय ठेवायचे ते आधी ठरवावे लागते आणि मगच छिन्नी चालवावी लागते. अंडाशयावरची शस्त्रक्रिया याच जातीची आहे. कातडी कापली तर भरून येते, यकृताचा तुकडा काढला तर ते पुन्हा वाढते. अंडाशयाचा जेवढा थर गेला, तेवढ्या अंडपेशी गेल्या.

जीव वाचवण्याचे शतक

अंडाशयाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र या हिशेबाने सुरू झाला नाही. त्याची सुरुवात जीव वाचवण्यापासून झाली.

अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात डॅनव्हिल नावाच्या छोट्या गावी एफ्रेम मॅक्डॉवेल हा डॉक्टर होता. १८०९ च्या डिसेंबरात जेन टॉड क्रॉफर्ड ही पंचेचाळिशीची स्त्री साठ मैल घोड्यावर बसून त्याच्याकडे आली. पोट इतके वाढले होते की दिवस भरले आहेत असेच सर्वांना वाटले होते. ती अंडाशयाची गाठ होती. भूल देण्याची सोय नव्हती. ईथरचा वापर सुरू व्हायला अजून सदतीस वर्षे होती. जंतूंचे ज्ञान नव्हते. पोट उघडले की रोगी दगावतो, अशीच त्या काळची समजूत होती. मॅक्डॉवेलने नाताळच्या दिवशी सुमारे पंचवीस मिनिटांत गाठ काढली. तिचे वजन साडेबावीस पौंड, म्हणजे दहा किलोंच्या वर भरले. बाई महिन्याभराच्या आत घोड्यावर बसून घरी गेल्या आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगल्या.

इंग्लंडमध्ये १८५८ पासून स्पेन्सर वेल्स याने ही शस्त्रक्रिया पद्धतशीर करण्यास घेतली. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, अपयशेही छापली. १८८० पर्यंत त्याच्या एक हजार शस्त्रक्रिया पूर्ण झाल्या. स्वच्छता आणि जंतुनाशकांमुळे मृत्यूंचे प्रमाण उतरत गेले. त्या काळात गाठीबरोबर संपूर्ण अंडाशय काढले जाई आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. बाई वाचली, एवढे पुष्कळ होते.

पण शस्त्रक्रिया सोपी झाली की तिचा मोह वाढतो. १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॅटी याने पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून एका स्त्रीची अंडाशये काढली. त्याच सुमारास जर्मनीत आल्फ्रेड हेगार आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट हेही त्याच वाटेने निघाले होते. पुढे पोटदुखी, फिट्स, एवढेच काय, मनाचा आजार म्हणूनही निरोगी अंडाशये काढली जाऊ लागली. हजारो तरुण स्त्रियांना अकाली पाळी जाण्याचे परिणाम भोगावे लागले. स्वतः स्पेन्सर वेल्सने १८८० च्या दशकात या प्रकाराविरुद्ध लेखणी उचलली.

अंडाशय हा केवळ अंड्यांचा साठा नव्हे, हे अजून कळायचे होते. १८९६ मध्ये व्हिएन्नातल्या एमिल क्नाउअर याने सशाच्या मादीचे अंडाशय मूळ जागेवरून काढून शरीरात दुसरीकडे लावले. गर्भाशय सुकले नाही. म्हणजे अंडाशयातून रक्तात काहीतरी मिसळत होते. ते 'काहीतरी' म्हणजे संप्रेरक. एडगर अॅलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये त्याचा माग काढला. आज आपण त्याला इस्ट्रोजेन म्हणतो. हाडांची बळकटी, रक्तवाहिन्यांचे आरोग्य, झोप, मनःस्थिती या सर्वांशी त्याचा संबंध आहे. तेव्हा तरुणपणी दोन्ही अंडाशये काढणे म्हणजे मूल न होण्यापुरती गोष्ट राहत नाही. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

राखण्याची कला

वळण घडवले ते लंडनच्या व्हिक्टर बॉनी याने. त्याच्या पत्नीचे गर्भाशय तरुण वयातच गाठींमुळे काढावे लागले होते. त्यांना मूल झाले नाही. बॉनीने आयुष्यभर एकच गोष्ट लावून धरली: गाठ काढा, अवयव ठेवा. गर्भाशयातल्या मांसाच्या गाठी आणि अंडाशयातल्या पाण्याच्या गाठी सोलून कशा काढाव्यात, रक्तस्राव कसा रोखावा, उरलेला भाग पुन्हा कसा शिवावा, याचे त्याने बारकाईने तंत्र बसवले. १९४६ मध्ये त्यावर त्याचे पुस्तक निघाले. संत्र्याची साल राखून आतला गर काढावा, तसे हे काम आहे. अवघड, वेळखाऊ, पण त्यामुळे 'अंडाशय काढणे' आणि 'अंडाशयातील गाठ काढणे' या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया झाल्या.

मुंबईतही याच विचाराची माणसे होती. गोव्यातल्या शिरोडे गावी १८९९ मध्ये जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर हे त्यांतले थोर नाव. चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखाला घालावयाचा त्यांचा टाका १९५५ पासून जगभर 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखला जातो. बंद पडलेल्या अंडनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियांतही त्यांचा हातखंडा होता. या साऱ्या कामाची दिशा एकच होती: काढून टाकण्यापेक्षा दुरुस्त करणे.

याच काळातली एक कथा सावध करणारी आहे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी पाळी अनियमित असलेल्या सात स्त्रियांचे वर्णन केले. त्यांची अंडाशये मोठी होती आणि त्यांत बारीक बारीक पुटिका दाटल्या होत्या. अंडाशयाची एक फाक कापून काढली की पाळी नियमित होई, काहींना दिवसही राहत. ही शस्त्रक्रिया पुढे तीस वर्षे चालली. मग लक्षात आले, की कापलेल्या जागी आतड्याचे आणि नलिकांचे पदर चिकटतात आणि त्यामुळेच मूल होण्यात नवा अडथळा येतो. अंडपेशीही जातात त्या वेगळ्याच. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लोमिफीन हे औषध मंजूर झाले आणि बहुतेक जणींसाठी सुरीची गरज उरली नाही.

आपल्या वर्गातल्या मुली ज्याला 'पीसीओडी' म्हणतात तो हाच विकार. सोनोग्राफीच्या कागदावर 'सिस्ट' हा शब्द वाचून घरात रडारड होते. वास्तविक त्या गाठी नसून अर्धवट वाढून थांबलेल्या पुटिका असतात, प्रत्येकी सेंटिमीटरहून लहान. त्या काढायच्या नसतात. आहार, व्यायाम, वजन आणि गरज पडल्यास औषधे, हाच तिथला उपचार.

दुर्बीण आली

पुढचा टप्पा दुर्बिणीचा. जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम याने पोटाला बारीक छिद्रे पाडून शस्त्रक्रिया करण्याची अवजारे घडवली. आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांना हे तंत्र कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून 'बिनटाक्याचे ऑपरेशन' म्हणून माहीत झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि इतर शस्त्रक्रियांनाही वाट मिळाली. आज अंडाशयाची बहुतेक साधी गाठ याच मार्गाने निघते. पोटात चिकटण्याचे प्रमाण कमी, घरी लवकर जाता येते.

दुर्बिणीमुळेच अंडाशयातली अंडपेशी बाहेर काढणे शक्य झाले आणि १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्मले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून असेच बाळ जन्मले. कलकत्त्याच्या सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच हे साधले होते, ही गोष्ट आनंद कुमार यांनी स्वतः कागदपत्रे तपासून १९९७ मध्ये जाहीर केली. स्वतःचे पहिलेपण सोडून देण्याचा हा प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. १९९१ मध्ये हिंदुजा यांनी आणखी एक पाऊल टाकले. ज्यांच्या अंडाशयातला साठा अकाली संपला आहे, अशा स्त्रियांसाठी दुसरीची अंडपेशी घेण्याचे तंत्र त्यांनी यशस्वी केले. मार्ग निघाला खरा. पण भांडे रिकामे झाले तर स्वतःची अंडपेशी परत मिळत नाही, हेही त्यातून पुन्हा स्पष्ट झाले.

सुरीने नेमके किती जाते?

एकविसाव्या शतकात हा हिशेब मोजता येऊ लागला. वाढू लागलेल्या लहान पुटिकांमधून एएमएच नावाचे संप्रेरक रक्तात येते. साठा मोठा तर ते जास्त, साठा आटला तर कमी. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर ते मोजले की किती नुकसान झाले याचा अंदाज येतो.

येथे गाठीची जात महत्त्वाची ठरते. तीन-चार मुख्य जाती पाहू.

दर महिन्याला अंडपेशी बाहेर पडण्यापूर्वी पुटिका दोन-सव्वादोन सेंटिमीटरपर्यंत फुगते. कधी ती फुटत नाही आणि वाढत राहते. ही साधी पाण्याची गाठ. बहुधा दोन-तीन पाळ्यांत ती आपोआप जिरते. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ मध्ये सांगितले, की पाळी चालू असलेल्या स्त्रीची पाच सेंटिमीटरच्या आतली साधी गाठ असेल तर सहसा पुन्हा तपासण्याचीही गरज नाही; पाच ते सात सेंटिमीटरची असेल तर वर्षाने सोनोग्राफी करावी; त्याहून मोठी असेल तर पुढचा तपास किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा. म्हणजे येथे सर्वांत चांगली शस्त्रक्रिया म्हणजे न केलेली शस्त्रक्रिया.

दुसरी जात डर्मॉइड. हिच्यात केस, चरबी, कधी दातही सापडतात. ही करणी-भानामती नव्हे. अंडपेशीच्या वाढीत झालेली ती गडबड आहे. ही गाठ जिरत नाही, पण तिला स्वतःची भिंत असते, त्यामुळे निष्णात हातांनी ती अंडाशयापासून सुटी करता येते.

तिसरी 'चॉकलेट सिस्ट'. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक अंडाशयात वाढते, दर पाळीला तिथे रक्त साचते आणि चॉकलेटसारखा दाट द्रव जमतो. हिची भिंत अंडाशयाला घट्ट चिकटलेली असते. रोममधील मुझी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शस्त्रक्रियेत सोलून काढलेल्या भिंती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. चॉकलेट सिस्टच्या २६ नमुन्यांपैकी १४ मध्ये अंडाशयाचे ऊतकही निघून आलेले दिसले. इतर गाठींच्या १६ नमुन्यांपैकी फक्त एकात. रक्त थांबवण्यासाठी विजेने डाग दिला तर आणखी अंडपेशी जळतात. टाके घालून रक्त थांबवले तर नुकसान कमी होते. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा शस्त्रक्रियेनंतर एएमएच सरासरी ३८ टक्क्यांनी उतरलेले आढळले.

मग ही शस्त्रक्रिया करूच नये का? तसेही नाही. गाठ स्वतःही अंडाशयाची हानी करते. वेदना असह्य असतील, गाठ मोठी असेल, तर ती काढल्याने आराम पडतो आणि काही जणींना त्यानंतर नैसर्गिकरीत्या दिवसही राहतात. पण दोन्ही बाजूंना गाठी असतील, आधी एकदा शस्त्रक्रिया झाली असेल, वय पस्तिशीपुढे असेल, तर आधी साठा मोजावा, अंडपेशी गोठवून ठेवाव्यात का याचा विचार करावा आणि मगच सुरी उचलावी.

राहिला प्रश्न कॅन्सरचा. तरुण वयात अंडाशयाची फारच थोडी गाठ कॅन्सरची असते. पाळी गेल्यानंतर मात्र शंका अधिक घ्यावी लागते. कॅन्सर ठरला किंवा तसा दाट संशय असला, तर अंडाशय काढणे हेच योग्य. तेथे राखण्याचा हट्ट धरू नये. तरीही लवकर सापडलेल्या काही प्रकारांत तरुण स्त्रीचे दुसरे अंडाशय आणि गर्भाशय राखता येते.

आणि एक अंडाशय गेलेच तर? येथे हंटरच्या डुकरिणीचे उत्तर माणसालाही बरेचसे लागू पडते. उरलेले अंडाशय दर महिन्याचे काम उचलते. दुसरी बाजू निरोगी असेल तर मूल होण्याची शक्यता फारशी घटत नाही. नॉर्वेतील हजारो स्त्रियांच्या पाहणीतून २०१४ मध्ये दिसले, की एक अंडाशय काढलेल्या स्त्रियांची पाळी सरासरी एक वर्ष आधी जाते. साठा निम्मा करूनही फरक एकाच वर्षाचा, कारण साठा कमी झाला की शरीर अंडपेशी खर्चही हात आखडून करते. तेव्हा "एक काढले म्हणजे मुलगी वांझ झाली" हे म्हणणे धादांत खोटे आहे.

उशीर आणि घाई

उशिराचे उदाहरण आधी. गाठीच्या वजनाने अंडाशय स्वतःच्या देठाभोवती पिळले जाते, रक्तपुरवठा तुटतो. एका बाजूला अचानक असह्य कळ, सोबत उलट्या, ही त्याची लक्षणे. पूर्वी असे काळेनिळे पडलेले अंडाशय मेलेले समजून काढत. पीळ सोडवला तर रक्ताची गुठळी फुप्फुसात जाईल, अशी भीती होती. ती निराधार ठरली. पीळ वेळेत सोडवला तर काळे दिसणारे अंडाशयही बहुतेक वेळा पुन्हा काम करू लागते. पण वेळेत म्हणजे तासांत. शाळेत एखाद्या मुलीला अशी कळ आली, तर "पाळीचे दुखत असेल, झोप जरा" म्हणून वेळ घालवू नये. भाजे किंवा त्याहून आतल्या वाडीतली मुलगी असेल तर संध्याकाळच्या लोकलची वाट न पाहता मिळेल त्या वाहनाने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावी.

घाईचे उदाहरण बीडचे. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यांत तरुण स्त्रिया बऱ्याच होत्या आणि काही जणींची अंडाशयेही गेली होती. फडावर खाडा झाला की दंड, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, मुकादमाची उचल फेडायची आहे, त्यात कोणीतरी सांगते, "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल." मग कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. बॅटीच्या काळी निरोगी अवयव काढले गेले ते अज्ञानापोटी. शंभराहून अधिक वर्षांनी ते आपल्या दारात झाले तेव्हा ज्ञान उपलब्ध होते. ते त्या बाईपर्यंत पोचले नव्हते.

ते पोचवण्यात शाळेचा वाटा मोठा आहे. दहावीच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहे आणि पुष्कळ वर्गांत तो "घरी वाचा" म्हणून सोडला जातो. तो शिकवावा. मुलामुलींना एकत्र शिकवावा, कारण उद्या दवाखान्यात निर्णय घेताना नवरा, भाऊ, दीर हेच पुढे असतात. अंडपेशींचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि हंटरचे गणित सोडवून घ्यावे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना विचारावे, की दोनच डुकरिणींवरून हंटरने निष्कर्ष काढला असता तर चूक काय झाली असती.

आणि एखादी मुलगी किंवा तिची आई गाठीचा कागद घेऊन आली, तर सल्ला देण्याचा मोह टाळून तिला तीन प्रश्न लिहून द्यावेत. ही गाठ कोणत्या जातीची आहे? दोन-तीन पाळ्या थांबून पुन्हा पाहिले तर चालेल का? काढायचीच असेल, तर अंडाशय किती राहील? हे प्रश्न विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरांना त्यांचा राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्याकडून उठून दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याइतका वेळ बहुतेक गाठी देतात.